डावीकडून टोचलेल्या माश्या

माशीला टाचणी टोचायची ती पाठीच्या मधोमध नाही, जरा उजवीकडून, हा आमच्या कीटकशास्त्रातला दंडक. मग डावीकडचे केस शाबूत राहतात आणि त्या केसांवरून जात ओळखता येते. मी पडले डावखुरी. माझी टाचणी हमखास डावीकडून जायची.

माझ्या मार्गदर्शक सरांनी एकदा माझा ट्रे उचलून अख्ख्या लॅबला दाखवला. “काहून वं, हात उलटा म्हणून माशीलेही उलटीच टोचून राहिली?” सगळे खो खो हसले. मीही हसले, पण आतून जळत होते.

दोन वर्षं नरखेडच्या संत्राबागांतून अळ्या आणून मी डब्यांत पाळल्या. माझ्या अभ्यासातल्या माश्या अशा अळीच्या अंगावर अंडी घालतात, पिल्लं तिला आतून खातात, शेवटी माशी बाहेर येते. त्यातल्या काही माश्यांचे केस कुठल्याच यादीत बसेनात. नवी जात! माझं फक्त नाचायचं बाकी होतं. सर म्हणाले, “माझ्या कपाटात ठेव, खराब होतील.”

पुढच्याच महिन्यात चर्चासत्राचं पत्रक आलं. नवी जात, शोधक सर. एकटे! कपाट उघडलं तर माशीखाली टाचणीत ओवलेल्या माझ्या नावाच्या चिठ्ठ्या गायब, सरांच्या नावाच्या, त्यांच्याच अक्षरातल्या नव्या लावलेल्या. माझं डोकंच सणकलं. पण टाचण्या जुन्याच होत्या. वाळलेल्या माशीतून टाचणी काढली की तिचा भुगा होतो. म्हटलं, थांबा बेटा, चारचौघांत तुमची जिरवते.

चर्चासत्रात बाहेरून आलेले तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून त्याच माश्या पाहत होते. मी उठले. “सर, तुम्ही तर उजव्या हाताचे. मग टाचण्या डावीकडून कशा?”

“घाईत झालं असेल,” सर म्हणाले.

“सगळ्याच्या सगळ्या?” तज्ज्ञांनी विचारलं. “मग अशा कोण टोचतं?”

त्या दिवशी हसलेली सगळी लॅब तिथेच बसली होती. एकेकाचं बोट माझ्याकडे वळलं. सर घामाघूम झाले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

चिठ्ठ्या पुन्हा लिहायच्या ठरल्या. मी कोऱ्या चिठ्ठ्या सरांपुढे ठेवल्या आणि शेवटच्या माशीपर्यंत समोर उभी राहिले. प्रत्येक चिठ्ठीवर माझं नाव, त्यांच्या हातानं.

“अक्षर नीट काढा, सर,” मी म्हणाले.