वजडीला ऑफल म्हणणाऱ्या सूनबाई

मंडळी, आज लय दिवसांनी वजडी, म्हणजे बोकडाचं पोट-आतडी, केली. चुना लावून, गरम पाण्यात खरवडून दोन तास खपले. आमच्याकडे वजडी शिजली की शेजारी वाटी जाते, म्हणून समोरच्या घरी नेली. त्यांची नवी सून दारातच म्हणाली, "काकू, हे तर ऑफल! आमी असलं नाही खात."

मी म्हटलं, "इंग्रजी शब्द पाठ केलास, अर्थ माहीत आहे का? ऑफ-फॉल, कापताना खाली पडतं ते ऑफल. माझ्या आईने आतड्याचा तुकडासुद्धा कधी खाली पडू दिला नाही. त्यावर आम्ही सात जण जेवायचो."

तिने दार लावून घेतलं.

आता पातेलंभर वजडी आहे आणि खाणारी मी एकटी. परभणीत अजून कोणी वजडी खातं का? संध्याकाळी जेवायला याल?