नॉर्वेची मुंडकी

नायजेरियातल्या आबा शहराच्या बाजारात उगोएझेचं दुकान म्हणजे चार फळ्या आणि वर पत्रा. पण सुक्या कॉड माशाची मुंडकी घ्यायची तर लोक तिच्याकडेच यायचे. लाकडासारखी कडक, उग्र वासाची ती मुंडकी कोयत्याने फोडफोडून तिने चार पोरं शिकवली होती. ओकपोरोको, म्हणजे हा सुका कॉड, आपला इग्बो माणसाचाच मासा, असं ती धरूनच चालली होती. पोत्यावर नॉर्वेचं नाव असायचं खरं; पण पोत्यावर काय, काहीही छापतात.

म्हणून नॉर्वेच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेली सिग्रून नावाची बाई दुभाष्याला घेऊन दुकानापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या माशाचा खप तुमच्या देशात वाढवायचाय," तेव्हा उगोएझे बुचकळ्यातच पडली. वाढवायचाय म्हणजे? त्याच्याशिवाय इथे एक तरी लग्न लागतं का?

जवळच्या ओवेरी शहरात, एका हॉटेलात या व्यापाऱ्यांची सभा होती. उगोएझे शेजारच्या दुकानातल्या, तिला 'दा' म्हणजे ताई म्हणणाऱ्या चिन्येलुगोला घेऊन गेली. पडद्यावर बर्फ, लाकडी मांडव आणि त्यांवर टांगलेली हजारो मुंडकी दिसली. एक साहेब म्हणाला, "ही आमच्याकडे फारसं कुणी खात नाही. तुम्ही खाता. म्हणून तुमचा देश आमच्यासाठी मोठी संधी आहे." टाळ्या पडल्या. उगोएझेनेही वाजवल्या, आणि मध्येच तिचे हात थांबले.

"ऐकलंस ना, दा?" चिन्येलुगो कुजबुजली. "त्यांचा उकिरडा आपल्या ताटात, आणि आपण टाळ्या पिटतोय!"

"गप गं."

पण काटा रुतला तो रुतलाच. बियाफ्राच्या लढाईतल्या उपासमारीत ती एवढीशी होती, पोट फुगलेलं. चर्चच्या दारात मदत म्हणून मिळालेलं मुंडकं आईने नुसत्या पाण्यात उकळलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी पोटात काही टिकलं होतं. ते दान होतं की केर?

जेवणाच्या वेळी दुभाष्याला मध्ये घेऊन तिने सिग्रूनला गाठलं. "बाई, रागावू नका. तुमची आई शिजवायची का हो मुंडकी?"

सिग्रून शरमेने लाल झाली. "नाही. पण शाळा सुटली की मी त्यांतल्या जिभा कापायचे. त्यावर माझी पहिली सायकल आली. मुंडकी आजोबा दोरीत ओवून टांगायचे. म्हणायचे, दूर कुणीतरी ही खातं म्हणून आपलं घर चालतं."

"मग तुम्हीच कधी का नाही खाल्लीत?"

"कुणी वाढलीच नाहीत."

आता तर उगोएझेचा गुंता आणखीच वाढला. रागावावं तरी कुणावर? रविवारी तिने सिग्रूनला दुभाष्यासकट घरीच जेवायला बोलावलं. ओहाच्या पाल्याच्या रश्शात अख्खं मुंडकं शिजवून वाढलं, हाडं कशी चोखायची ते दाखवलं. सिग्रूनने सगळं संपवलं.

"कसं झालंय?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "आजोबांच्या मांडवाचा वास येतोय."

घरातले सगळे हसले. उगोएझेला हसू आलं नाही.

निघताना सिग्रूनने एक खोकं ठेवलं. त्यात मुंडक्यांच्या पुडीची पाकिटं होती. खपली तर उगोएझेचा फोटो पाकिटावर येणार होता. दुसऱ्या दिवशी ते ऐकताच चिन्येलुगो म्हणाली, "घे ना दा, नशीब उघडलं तुझं!"

"परवा तर उकिरडा म्हणत होतीस."

"ते परवा!"

उगोएझेने चिमूटभर पूड रश्शात टाकून पाहिली. चव तीच आली. पण फोडायला काही नाही, चोखायला काही नाही. नातवंडांनी मात्र बोटं चाटली. तिने पाकिटं दुकानात मांडली, तर दुपारपर्यंत सगळी संपली. पोत्यातली मुंडकी त्या दिवशी निम्मीच गेली. धंदा वाढतोय की हातातून सुटतोय, तिला काही केल्या उमगेना.

शेवटी दुभाष्याकरवी तिने सिग्रूनला फोन लावला. "पाकिटं पाठवा. फोटो मात्र नको."

"का हो?"

"ही कुणाची वस्तू आहे, तेच मला अजून कळत नाहीये, बाई. कळलं की सांगेन."