शालूआत्याचा अंगठा

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला दोन तोंडं असतात, एक हसतं आणि दुसरं चावतं, असं शालूआत्याचं ठाम मत. सबंध वाडीला ते पाठ होतं. वाडी आटपाडीच्या बाजूची, दुष्काळी. तिथं एकदा पाण्याचा टँकर एकाच दिवशी दोनदा आला. बायका घागरी घेऊन धावल्या आणि शालूआत्या उंबऱ्यात बसून राहिली. म्हणाली, "एकदा येताना ज्याचं टायर फुटतंय त्यो दोनदा आला? इलेक्शन लागलंय बगा." आणि आठवड्याच्या आत इलेक्शन लागलं! दुसऱ्या एका साली जनावरांचे डॉक्टर शेळ्यांना फुकट लस टोचायला आले, तर ही गोठ्याच्या दारात आडवी. "आदी तुमच्या घरच्या शेळीला टोचा. ती जगली तर मग या." डॉक्टर बिचारे पुण्याचे. त्यांच्या फ्लॅटात शेळी कुठली?

पण असा संशय कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. शालूआत्याला तो तिच्या पाठच्या सख्ख्या भावानं दिला.

त्याचं असं झालं. वडलांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि धाकटा राजाराम तिच्या सासरी आला तो हिरवंगार लुगडं घेऊन. "अक्का, तालुक्याला चल. नाव लावायचं हाय." ती हरखली. बापाच्या जमिनीला आपलं नाव लागतंय म्हणून नवं लुगडं नेसून गेली. कचेरीत कुणीतरी तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला, कागदावर दाबला. मग राजारामनं स्टँडवर गरम भजी खाऊ घातली. भज्यांना निळी बोटं लागली, तरी तिनं ती आवडीनं खाल्ली. सहा महिन्यांनी जावेनं टोमणा मारला तेव्हा कळलं, की नाव लागलं नव्हतं, निघालं होतं. हक्कसोड झाली होती.

तिनं आरडाओरडा केला नाही. त्या लुगड्याची गोधडी शिवली आणि ती कायम पायाशी घेतली. पुढं गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा सगळ्यात पुढं जाऊन बसली. बाकीचं काही डोक्यात राहिलं नाही, पण सही शिकली. 'शालू', आणि शेवटच्या ऊकाराची शेपटी अशी लांब, की कागद संपला तरच थांबायची. त्या दिवसापासून तिनं कुठं अंगठा लावला नाही. राशनला यंत्र आलं तेव्हापासून राशनलाही पाय ठेवला नाही.

नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली. राजारामनं परसातली खोली दिली. ती तिनं घेतली, कारण खोलीला अंगठा लागला नाही. बहीणभाऊ एका घरात राहू लागले, पण बोलणं नाही. राजारामची बायको लवकर वारली आणि तिची पूजा आत्यानंच वाढवली. मग त्या पोरीच्या तोंडून दोघांचा कारभार चाले. राजाराम समोर बसलेला असला तरी आत्या म्हणायची, "पूजे, तुज्या बापाला सांग, च्या निवतोय." राजाराम म्हणायचा, "पूजे, आत्याला सांग, साखर न्हाई ह्यात." पूजा म्हणायची, "माजं डोस्कं फुटंल एक दिवस."

ही पूजा बारावी झाली. तालुक्याच्या गावी नगरपंचायतीनं पोरापोरींसाठी सौरपंप दुरुस्तीचा वर्ग काढला होता. शेताशेतात त्या काळ्या पाट्या उभ्या राहिल्या होत्या, पण बिघडल्या की दुरुस्त करणारा सांगलीहून यायचा, तोवर पीक वाळायचं. पूजाचं नाव वर्गात लागलं. राजाराम स्वतः तिला रोज स्टँडवर सोडायला जाऊ लागला.

आत्यानं भाकरी थापता थापता चौकशी केली. "फी किती?"

"फुकट हाय, आत्या."

"वर पैसं बी देत्यात म्हनं?"

"व्हय, विद्यावेतन."

"आन् येष्टीचा पास?"

"त्यो बी."

"मग आता ऱ्हायलं काय? नवरा? त्यो बी तितंच देत्यात का?"

पूजा हसली. हसता हसता म्हणाली, "वर्ग संपला की काम देणार. पर हजेरी पायजे. सकाळी जाताना अंगठा, सांजचं निगताना अंगठा."

आत्याचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"बारावी शिकलीस आन् अंगठा? सही येत न्हाई व्हय तुला?"

"अगं, मशीन असतंय! हजेरीचं!"

"मलाबी नाव लावायचं हाय असंच सांगितलं हुतं तुज्या बापानं."

त्या दिवसापासून तिच्या मनात चक्र सुरू झालं. राजारामला मुलगा नाही. उद्या जमीन पूजाची. चुलतपुतण्या शंभूराज हल्ली घरी फार येतो, काका काका करतो. आणि ज्या माणसानं पोरीला कधी जत्रेला नेलं नाही, तो रोज स्टँडवर सोडायला जातो! पोरीची जमीन एकदम शंभूराजच्या नावावर केली तर बोंब होईल. म्हणून थोडी थोडी. शेजारच्या लक्ष्मीबाईला तिनं हिशेबच सांगितला. "रोजचं दोन अंगठं म्हंजी रोजचं दोन गुंठं. दिवाळीपातूर पोरगी उगडी."

लक्ष्मीबाई म्हणाली, "आवं, सक्का बाप हाय त्यो."

"मग माजा कोन सावत्र भाऊ हुता व्हय?"



जत्रा तोंडावर आली होती. रविवारी आत्यानं घराला चुना द्यायला काढला. कुंचा घरात होता, पण तिनं तो माळ्यावर दडवला आणि पूजाच्या हातात चिंधी दिली. कळीचा चुना, नुकता विझवलेला, वाफ निघत असलेला. पोरगी गुणाची, दिवसभर भिंती सारवत राहिली. संध्याकाळी बोटांची सालं निघाली. आत्यानं स्वतःच खोबरेल चोळलं. चोळताना डोळ्यांत पाणी होतं, पण जीव सुखावला होता. अंगठा गुळगुळीत झाला होता.

सोमवारी यंत्रानं पूजाला ओळखलं नाही. लाल दिवा. मंगळवारी लाल दिवा. पूजा वर्गात बसायची, शिकायची, पण यंत्राच्या लेखी ती आलीच नव्हती. आठवडा सरता सरता तिला सांगण्यात आलं, की अशीच गैरहजेरी राहिली तर तिची जागा पुढच्या मुलीला जाईल. पूजा घरी आली ती न जेवता भिंतीकडं तोंड करून झोपली. त्याच पांढऱ्याशुभ्र भिंतीकडं.

आत्याला वाटलं होतं, अंगठा गेला की डाव मोडेल. पण हे तर अंगठा नाही म्हणून पोरीलाच बाहेर काढायला निघाले! मग तर नक्कीच. सगळी मेख त्या अंगठ्यातच. दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावर पदर घेतला, चपला शोधल्या आणि पूजाच्या आधी एसटीत जाऊन बसली.

केंद्र चालवणाऱ्या संयोगिता मॅडम, तिशीच्या, इस्लामपूरकडच्या. त्यांच्या टेबलाशी उभं राहून आत्यानं विचारलं, "ह्या डब्याचा मालक कोन? आन् ह्यात गेल्यालं अंगठं कुटं जात्यात?"

मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. आत्यानं पाणी घेतलं नाही.

"आत्या, मी आदी जितं हुते तितं सह्यांवर हजेरी हुती," मॅडम म्हणाल्या. आत्याचं बोलणं ऐकून त्यांचीही भाषा गावाकडं वळली. "पोरं घरी झोपल्याली आन् त्यांच्या सह्या दुसरंच कुनीतरी मारायचं. ज्यांना शिकायचं हुतं ती पोरं बाहेर, आन् सह्या आत! म्हनून हे यंत्र. सही कुनाचीबी कुनीबी मारतंय. पूजाचा अंगठा पूजाबिगार कोन लावनार?"

इतकी वर्षं जी सही आत्यानं दागिन्यासारखी जपली, ती कुणीही मारू शकतं? ती यंत्राजवळ सरकली. मग कधी नव्हे ते पदरातून हात बाहेर काढला. "माजा घेतंय का बगू."

लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. उजवा हात झाला, डावा झाला. मॅडमनी तिचा तळवा उजेडात धरला. "आत्या, तुमच्या बोटावर रेघाच न्हाईत ऱ्हायल्या. झिजल्या समद्या."

"म्हंजी आता माजा अंगठा कुनी घेतो म्हनला तरी घावायचा न्हाई?"

"न्हाई घावायचा."

"चांगलं झालं!" आत्या म्हणाली आणि समोरचं पाणी घटाघटा प्यायली.

मग मॅडम पूजाकडं वळल्या. "तुझ्या बोटांना काय झालं ते अजून सांगितलं नाहीस. कारण कळलं तर मला वर कळवता येईल. नाहीतर जागा जाईल."

पूजा खाली बघत उभी. तिला सगळं कळलं होतं, कुंचाही सापडला होता माळ्यावर, पण तोंडातून शब्द काढेना. जागा जाईल, पण आत्याचं नाव घेणार नाही, असं ते उभं राहणं. आत्यानं तिच्याकडं पाहिलं आणि खुर्चीतून उठली.

"मी केलं. चुना लावाय लावला हातानं. मुद्दाम. पोरीचा काय दोष न्हाई. जागा काडायचीच असंल तर मला काडा."

"तुम्हाला कुठून काढू?" मॅडम म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांना हसू आवरलं नाही. पूजाच्या डाव्या हाताचं मधलं बोट शाबूत होतं, ते यंत्रात चढवलं. हिरवा दिवा लागला. बुडालेल्या दिवसांचं कारण त्यांनी आत्यासमोरच वर कळवलं. आत्यानं ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं, दोनदा.

घरी आल्यावर पूजानं बापाला सगळं सांगितलं, चुन्यासकट, रोजच्या दोन गुंठ्यांसकट. आत्यानं चहा आणून ठेवला. तो निवला, तरी कुणी कुणाला निरोप दिला नाही.

दिवाळीनंतर पूजा कामाला लागली. पाठीला पिशवी, त्यात नटबोल्टांचे पाने आणि मीटर, खाली बापाची जुनी मोटारसायकल. पहिला पंप तिनं लक्ष्मीबाईच्या शेतातला चालू केला. आत्या बांधावर उभी राहून पाणी येईपर्यंत म्हणत होती, "येतंय तवा खरं." पाणी आलं. तरी तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला.

त्याच संध्याकाळी राजाराम परसात आला. खोलीच्या दाराशी घुटमळला. पूजा घरात नव्हती, मध्ये बोलायला कुणी नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "सोमवारी तालुक्याला चल. नाव लावायचं हाय."

शब्द तेच. शालूआत्यानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग हातांकडं, मग काही दडवलंय का म्हणून त्याच्या पाठीमागंही डोकावून पाहिलं.

"लुगडं आनलंयस का?"

"न्हाई गं."

"मग येते," ती म्हणाली. "पर पूजा संगं येनार. आन् भजी मी घेनार."