तुम्हीच सांगा, चाचा

समोरचा माणूस बोलायला लागला की चाचा आधी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. मग चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "यल्ला, बोला. तुमचं सगळं बोलून झालं की हात वर येतील." आणि खरोखरच, शेवटचा शब्द संपेपर्यंत ते हात मांडीवरून हलायचे नाहीत.

बहारीनच्या झिंज भागात एका केशकर्तनालयाच्या शेजारी त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. आखातात राहिलेल्यांना अशी दुकानं ठाऊक असतील. व्हिसाचा फॉर्म, सुट्टीचा अर्ज, घरमालकाला पत्र, लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर. आता यातलं बरंचसं काम फोनवर होतं, पण फोनवर न जमणारी माणसं काही कमी नाहीत. चाचा मूळचे दापोलीकडचे. गावाकडची मराठी, उर्दू, अरबी आणि इंग्रजी, चारही भाषा त्यांच्या तोंडात सारख्याच सहज असायच्या. मी त्यांच्या दुकानापासून दोन इमारती पलीकडे एका प्रशिक्षण संस्थेत को-ऑर्डिनेटर आहे. ठाण्याची आहे असं कळल्यावर म्हणाले, "तुमची मराठी बातम्यांसारखी हाय. इस्त्री केलेली."

पहिल्यांदा गेले ती घरमालकाविरुद्ध तक्रार घेऊन. एसी तीन महिने बंद आहे, असं मी तावातावाने सांगितलं. चाचांनी हात मांडीवरून उचललेच नाहीत.

"तीन महिने?"

"म्हणजे, जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे किती?"

"सात आठवडे," मी खाली मान घालून म्हणाले.

"मग सात आठवडे लिहू. सात आठवडेपण काय थोडे नायत." आणि टकटक सुरू. तिथे वाद घालण्यात अर्थ नसायचा. सांगितलं तेवढंच, हा त्यांचा कायदा. त्यात स्वतःचा शब्द घालायचा नाही आणि समोरच्याचा गाळायचाही नाही.

एकदा एक ड्रायव्हर 'आई सीरियस' असं लिहून मागत होता. आई ठणठणीत होती. चाचा म्हणाले, "मी लिहितो, 'आईला भेटावंसं वाटतं.' हे तर खरं हाय ना?" ड्रायव्हर चिडून निघून गेला, आणि दहा मिनिटांनी परत येऊन म्हणाला, तेच लिहा. त्याला सुट्टी मिळाली. चाचांना मी शाबासकी द्यायला गेले तर म्हणाले, "मॅनेजरलापण आई असेल, त्यात माझं काय?"

असा हा माणूस. आता माझ्या डोक्यात जी आग आहे ती का आहे, ते सांगते.

युरोपातल्या तीन देशांतल्या तीन संस्था एकत्र आल्या. परिस्थितीने मागे पडलेल्या तरुण मुलामुलींसाठी एकदिलाने काम करायचं, असं त्यांनी ठरवलं. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. आमच्या संस्थेत दवाखान्यातल्या सहाय्यकाचा वर्षाचा कोर्स, बारा जागा, फी त्या भरणार, व्हिसा आमची संस्था काढणार. आमच्या हॉलमध्ये एक मोठा बॅनर लागला, त्यावर एकमेकांत गुंफलेले तीन हात. बॅनर टांगायला मीच स्टुलावर चढले होते.

अर्ज करणाऱ्यांत रुखसाना होती. वय अठरा. तिचे वडील तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये कामाला होते. गाडीखाली असताना जॅक सरकला आणि दोन्ही हात कायमचे निकामी झाले. तेव्हा ती सातवीत होती. शाळा तिथेच सुटली. आई बुदैयाच्या बंगल्यांमध्ये घरकामाला जायला लागली, आणि घर, दोन धाकटे भाऊ, वडील हे सगळं या मुलीकडे आलं. भावांच्या पुस्तकांतून ती स्वतःची स्वतः शिकत राहिली. गॅरेजच्या मालकाने इतकी वर्षं चालवून घेतलेला वडिलांचा व्हिसा आता संपत आला होता आणि त्याच्याबरोबर तिचाही. ही जागा मिळाली तर ती इथे राहून हाताला काम मिळवणार होती. नाही मिळाली तर महिन्याभरात श्रीवर्धनजवळच्या गावी, जिथे ती आयुष्यात दोनदाच गेली होती.

तिला इंग्रजी वाचता यायचं, पण परक्यांसमोर बोलायची तिला धास्ती वाटे. म्हणून दुभाषी म्हणून मी चाचांना बोलावलं.

तिन्ही संस्था एकत्र असल्या तरी फॉर्म मात्र तिघांचे वेगळे, आणि मुलाखतीही वेगळ्या. पहिला प्रश्न तिन्हींचा एकच: घरची परिस्थिती सांगा.

पहिली मुलाखत घ्यायला एक डच बाई आल्या होत्या. रुखसाना तिच्या घरच्या कोकणी मराठीत अर्धा तास बोलली. चाचांचे हात मांडीवर. मी कोपऱ्यात टिपणं घेत होते. शेवटी ती म्हणाली, "अब्बांना मीच भरवते. त्यांना शरम वाटते. म्हणून अब्बा डोळे मिटून जेवतात." मग ते सगळं चाचांनी इंग्रजीत सांगितलं, तिच्याच क्रमाने, तिच्याच शब्दांत. डच बाईंनी डोळे पुसले. मीही पुसले.

चार दिवसांनी दुसरे गृहस्थ, जर्मन. पुन्हा तोच प्रश्न. रुखसाना "अब्बा" एवढंच म्हणाली आणि तिचा आवाज बसला. चाचांनी त्या गृहस्थांना अदबीने विचारलं, "हे सगळं तिने तुमच्या भागीदारांना सांगितलंय. लिहिलेलं आहे. तेच वाचलं तर नाही का चालणार?"

"आम्हाला स्वतंत्रपणे ऐकावं लागतं," ते हसून म्हणाले. उद्धट नव्हते हो. हेच तर दुखणं आहे, त्या तिघांत उद्धट कुणीच नव्हतं.

रुखसाना चाचांकडे वळली. "तुम्हाला माहीत हाय ना सगळं? तुम्हीच सांगा, चाचा."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि पहिल्या दिवशी ती जे बोलली होती ते त्यांनी आठवून जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती टेबलाकडे बघत बसली होती. आठवड्याने तिसरी मुलाखत, स्क्रीनवरून, एका इटालियन बाईंबरोबर. तेच झालं.

जिना उतरताना ते मला म्हणाले, "बाई, मी तिच्या तोंडचं बोललो. हे बरोबर नाय झालं."

"खोटं तर नाही बोललात ना, चाचा?"

"खोटं नाय. पण आज ती बोलली नव्हती."

मी म्हटलं, जाऊ द्या हो. त्या पोरीचा जीव वाचला.

मग निवडीची संयुक्त बैठक. तिघेही प्रत्यक्ष आले होते. जे चाचांनी दुसऱ्या मुलाखतीत सुचवलं होतं ते त्यांनी आता केलं, म्हणजे एकमेकांचे अहवाल उघडून वाचले. आणि वाचून काय निघालं? संशय. तिन्ही अहवालांत ओळीच्या ओळी सारख्या. "माझे वडील डोळे मिटून जेवतात," हे वाक्य तिन्हीकडे पिवळ्या रंगाने रंगवलेलं. जर्मन गृहस्थ म्हणाले, माणूस आपलं दुःख तीनदा सांगतो तेव्हा ते तीन तऱ्हांनी सांगतो. हे पाठ केलेलं आहे. कुणीतरी लिहून दिलेलं आहे.

उंटावरचे शहाणे! ज्या मुलीला तुम्ही तेच ते उगाळायला लावलंत, तिच्याकडून तुम्हाला दर वेळी नवं दुःख हवं होतं?

चाचांना आत बोलावलं. दुसऱ्या मुलाखतीत हे वाक्य ती स्वतः बोलली का, असं त्यांना विचारलं. दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. चाचा म्हणाले, "नाही. ती पहिल्या दिवशी बोलली. नंतर दोन्ही वेळा मी बोललो. तिने मला सांगायला सांगितलं होतं."

सगळ्यांनी डच बाईंकडे पाहिलं. त्या अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, "माझ्यासमोर ती खूप बोलली, हे खरं. पण काय बोलली ते मला कसं कळणार? मी फक्त यांचं इंग्रजी ऐकलं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, क्षणभरच. मी पेनाचं टोपण लावत होते. निवडीच्या चर्चेत को-ऑर्डिनेटरने मत द्यायचं नसतं, असा नियम होता. त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्टही पुढे वाढायचं होतं. मी मूग गिळून बसले. त्या संस्थांवर मी एवढं तोंड टाकते आहे, म्हणून हेही सांगून टाकते.

ठरलं असं की मुलीवर अन्याय नको, म्हणून चौथी मुलाखत घ्यायची, नवीन दुभाष्यासह. निर्णय झाल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. कॉफी आली.

चौथ्या मुलाखतीला रुखसाना केस घट्ट बांधून आली. स्क्रीनवर कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या एक उर्दू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी गोड आवाजात विचारलं, तुमच्या वडिलांबद्दल सांगा.

"अब्बा ठीक हैं," रुखसाना म्हणाली.

"और घर में?"

"सब ठीक है."

आणखी दोनतीन प्रश्न झाले. सगळ्यांना तेच उत्तर. सहा मिनिटांत मुलाखत संपली.

मी जिन्यात धावत जाऊन तिला गाठलं. "अगं, असं का बोललीस? हीच एक संधी होती!"

ती थांबली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "ताई, किती वेळा अब्बांना लोकांसमोर बसवून भरवायचं?"

ती खाली उतरून गेली.

दोन दिवसांनी निकालाचा कागद टाइप करायला माझ्याकडेच आला. 'अर्जदाराच्या सांगण्यानुसार घरी विशेष अडचण नाही. निकषात बसत नाही.' चौथ्या वेळी तिने जे सांगितलं ते त्यांनी तत्काळ खरं मानलं. दुःख सांगत होती तेव्हा पुरावा हवा होता. सुख सांगितलं तेव्हा कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

मी चाचांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. त्यांचे हात मांडीवर होते. माझं बोलून झालं तरी ते वर आले नाहीत. म्हणाले, "मीच घात केला पोरीचा. तिला म्हणायला हवं होतं, रड, पण तूच बोल. मला तिची दया आली. दया करायची नव्हती."

"चाचा, तुमची काय चूक? चूक त्यांची आहे."

"त्यांची हायच. त्यांना मी सोडत नाय. तिघे एका गाडीतून येतात, एका टेबलावर जेवतात, आणि एक कागद एकमेकांना देऊ शकत नायत?" चाचांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. शेजारचा न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात येऊन उभा राहिला. चाचांनी त्याच्याकडून एक जुनं पातं मागून घेतलं आणि दुकानाच्या काचेवरची 'भाषांतर' ही ओळ खरवडायला सुरुवात केली. अक्षरं जुनी होती, निघता निघत नव्हती. मी त्यांच्याच बाटलीतलं पाणी काचेवर शिंपडत उभी राहिले. आधी इंग्रजी गेलं, मग अरबी. त्या दिवसानंतर त्यांनी कुणाचंही बोलणं दुसऱ्या भाषेत नेलं नाही. कुणी फार गळ घातली तर म्हणायचे, "टायपिंग हाय. भाषांतर मफी, नाय."

महिना संपता संपता रुखसानाचं कुटुंब श्रीवर्धनकडे गेलं. पुढच्या वर्षी चाचाही दुकान दुसऱ्याला देऊन दापोलीला परतले. तिथे सहा महिने राहिले आणि गेले. मला ते न्हाव्याकडून कळलं. त्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

गेल्या आठवड्यात ऑफिसात मेल आली. तिन्ही संस्थांच्या सहीची, एकच. नवीन वर्ष, नवीन बारा जागा. खाली एक ओळ: मागच्या वेळचे ते वयस्कर दुभाषी यंदाही मिळतील का? त्यांचं काम फार काटेकोर होतं, अशी नोंद आमच्याकडे आहे.

म्हणजे नोंद होती! तुम्हीच सांगा, यावर हसायचं की रडायचं? मला तर इतका राग आला की पाणी पिऊन यावं लागलं.

मग उत्तर लिहायला बसले. आधी दोन पानं लिहिली, ती पुसली. आमच्या डायरेक्टरांना दाखवायचं का, हा विचार आला, तोही पुसला. शेवटी एवढंच पाठवलं:

'ते वारले. रुखसानाचे वडील ठीक नाहीत, तेव्हाही नव्हते. ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत होते आणि मला तिची भाषा कळते.'