खिळीवरचा झेंडू

आठवडाभर मी इंगोलश्टाटला गाड्यांच्या सस्पेन्शनची गणितं करते आणि शनिवारी दगड फेकते. शेजारच्या गावात एक फेराइन आहे, म्हणजे हौशी मंडळ. मध्ययुगात किल्ल्याच्या भिंती फोडायला वापरत, तसं लाकडी यंत्र त्यांनी उभं केलंय. उंच लाकडी घोडीवर आडवी तुळई, तिच्या आखूड टोकाला दगडांनी भरलेली पेटी, लांब टोकाला गोफण. लांब टोक दोरांनी खाली ओढायचं आणि कळ सोडायची. पेटी कोसळते, तुळई उसळते, गोफण फिरते. गोफणीची एक दोरी पक्की बांधलेली, दुसरीची कडी तुळईच्या टोकावरच्या लोखंडी खिळीत नुसती अडकवलेली. ती कडी निसटते कधी, यावर सगळा खेळ. लवकर निसटली तर दगड आभाळात, उशिरा निसटली तर समोरच्या चिखलात.

आमचा दगड कायम आभाळात जायचा. खीळ जरा जास्त वाकवा, असं मी वर्षभर सांगत होते. मंडळाचे प्रमुख, निवृत्त सुतार, "नाईन", म्हणजे नाही, म्हणून मोकळे. शेवटी मीच नवी खीळ करून आणली, तेव्हा म्हणाले, "जत्रेत एकदा फेकून बघू. फसली तर जुनी खीळ परत, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

जत्रेच्या दिवशी सगळं गाव जमलं. शेतापलीकडे निशाण्याला फळ्यांची भिंत उभी केली होती. कळ सुटली आणि दगड दहा पावलांवर चिखलात थपकन रुतला. लोक खो खो हसले. हात दाखवून अवलक्षण! मला रडूच यायचं बाकी होतं. प्रमुख माझी खीळ काढायला पाना घेऊन निघालेही.

तुळई खाली ओढली तर खिळीला दोऱ्याचा गुंता आणि चिरडलेला झेंडू. मी वळून पाहिलं. पुण्याहून आलेल्या सासूबाई शांतपणे उभ्या होत्या.

"अहो आई, हे तुम्ही बांधलंत?"

"मग? आज खंडेनवमी. एवढं मोठं शस्त्र, त्याला एक फूल नको?"

कडी दोऱ्यात अडकून उशिरा सुटली होती. माझी खीळ बरोबरच होती! मी प्रमुखांना गुंता दाखवला आणि पान्यासमोर आडवी उभी राहिले. "आणखी एकदा. नाहीतर मी हलत नाही."

"आल्झो, बरं तर," ते कुरकुरले, "एकदाच."

दोरा काढला, कळ सोडली. गोफण वर जाऊन उलगडली, दगड अख्खं शेत ओलांडून गेला आणि फळ्यांची भिंत मधोमध फुटली. मी किंचाळले. सासूबाई माझ्याहून मोठ्यानं किंचाळल्या. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

प्रमुख उरलेला झेंडू ओंजळीत घेऊन सासूबाईंसमोर उभे राहिले आणि कुठे बांधू, असं खुणेनं विचारलं. त्यांनी दगडांची पेटी दाखवली. प्रमुखांनी स्वतःच्या हातानं तिथं ते फूल बांधलं, पाना खिशात घातला आणि मला म्हणाले, "दुसरी भिंत उभी करतो. खीळ हीच."