ते लेबल कुणी काढलं?

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते. काकूंचा आवाज अगदी सपाट होता. "आप्पा गेले गं," एवढंच म्हणाल्या. त्यावर माझ्या तोंडून "अरेरे" निघालं नाही, "कधी" निघालं नाही. मी विचारलं, "कशानं?" फौजदारानं विचारावं तसं. काकू म्हणाल्या, "सकाळी च्या घेतला, खुर्चीत टेकले आन् मान टाकली. डॉक्टर म्हनले, हार्ट. तू लगीच काय शोधू नगंस." काकू मला पुरतं ओळखून आहेत. आता पाच-सहा आठवडे झाले. हार्ट, हे मी मान्य केलंय. बाकीचं नाही.

आप्पा बारामतीजवळच्या जळोचीतले माझे घरमालक, काकू त्यांच्या पत्नी. मी मूळची पळसदेवची. कॉलेजसाठी बारामतीला आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहिले, ते कॉलेज संपून संघटनेच्या कामाला लागले तरी तिथंच. आप्पा तरुणपणी हवाई दलात रेडिओ दुरुस्ती शिकले होते. परत आल्यावर धावपट्टीकडच्या एका खासगी शेडात नोकरीला लागले. काम काय, तर जुन्या छोट्या विमानांची यंत्रं बदलणं. चार माणसं बसतील एवढी विमानं, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीची, कुणी हौसेनं घेतलेली, कुणी ऐटीनं. त्यांच्यातली काट्यांची गोल मीटरं काढायची, तिथं रंगीत स्क्रीन बसवायचे, जुना ऑटोपायलट असला तर तो तपासायचा, नाहीतर बदलायचा. ऑटोपायलट म्हणजे पायलटच्या हाताऐवजी विमान सरळ धरून ठेवणारं यंत्र. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे श्रीमंतांची खेळणी चकचकीत करून देता." आप्पा चिडले नाहीत. "व्हय की," म्हणाले, "पर हे खेळणं हातातनं सुटलं तर तुज्या डोस्क्यावर पडतंय."

त्यांच्या घरात जागोजागी लेबलं होती. पांढरी चिकटपट्टी, त्यावर काळ्या पेनानं सुवाच्य अक्षर. गिझरच्या बटणाखाली 'बंद. दाबू नये.' जिन्यातल्या दिव्याखाली 'कधी लागतो, कधी नाही. भरवसा नको.' बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली 'बंद. वेळ विचारू नये.' पाहुणे हसायचे. मीही हसले. एकदा वायरमन गिझर दुरुस्त करून गेला, म्हणून मी ते लेबल नखानं खरवडून काढलं. संध्याकाळी आप्पा जिना चढून वर आले.

"लेबल कुनी काडलं?"

"मी. गिझर चालू झालाय की."

"कुनी बगितलं चालू झाल्यालं? सही कुठाय?"

मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली होती, तीत काय बंद पडलं आणि कुणी लेबल लावलं ते लिहिलेलं. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा नाद. नाद नव्हता, शेडातला नियम होता. लेबल कुणीही लावावं. काढायचं तर आधी तपासायचं, लिहायचं, सही करायची, मग नख लावायचं. "लावनाऱ्याला सौंशय पुरतो," आप्पा म्हणाले, "काडनाऱ्याला खात्री लागती." मग त्यांनी त्याच जागी नवं लेबल चिकटवलं, आणि गिझर सलग आठवडाभर चालल्यावर स्वतः सही करून काढलं.

संशय ही आमच्या दोघांतली एकमेव सारखी गोष्ट. माझा माणसांवर, त्यांचा यंत्रांवर. मला ते मालक लोकांचे माणूस वाटायचे आणि मी तसं तोंडावर बोलायचे. तेव्हा आमच्या संघटनेनं खासगी विमानांविरुद्ध मोहीम काढली होती. वस्तीवरून किती खाली उडतात, कोण तपासतं, कुणाला विचारायचं, काही पत्ता लागत नव्हता. मी जेवताना आप्पांना छेडायचे, "तुमच्या शेडात काय काय लपवता?" शेवटी एकदा कंटाळून म्हणाले, "ये, बग, मंग लिव. न बगता लिवू नगंस, पत्रकवाले."

गेले. शेडात एका कारखानदाराचं पांढरं विमान उघडं पडलं होतं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण माझ्या हातात कागद नाही. हेही आप्पांनीच शिकवलेलं. समोरच्या फळीत नवे स्क्रीन बसले होते आणि आप्पा ते दाखवताना लग्नघरातल्या माणसासारखे मिरवत होते. स्क्रीनवर डोंगर, नदी, निळं आकाश, सगळं टीव्हीसारखं स्वच्छ. मी म्हटलं, "किती स्पष्ट दिसतं!" तर लगेच वळून म्हणाले, "उजनीचं पानी बी चकचकीत असतंय. तुज्या पळसदेवचं देऊळ धरनात बुडल्यालं हाय, ते वरनं कळतंय का? पानी उतरल्याबिगर न्हाय. चांगलं दिसतंय त्येच्यावर आदी सौंशय घ्यायचा."

मग त्यांनी मला पायलटच्या जागी बसवलं आणि एक गोष्ट समजावली, ती मी आजही डोळे मिटून सांगेन. विमानाच्या पोटात एक लहान मोटर असते, ती तारा ओढून विमान सरळ ठेवते. मोटर आणि तारेच्या मधे एक क्लच असतो. पायलटनं जोर लावला की तो क्लच घसरलाच पाहिजे, म्हणजे यंत्र वेडंवाकडं वागलं तरी माणूस त्याच्यावर मात करू शकतो. हे तपासायला आप्पांकडं एक स्प्रिंगचा काटा होता, बाजारात भाजी तोलतात तसला. तारेला अडकवायचा, ओढायचा, किती जोरावर क्लच घसरतो ते बघायचं. शिवाय प्रत्येक विमानात ते स्वतः बसून ऑटोपायलट लावायचे आणि हातानं त्याच्याशी झटायचे. "मान्साचा हात जितला पायजे," म्हणायचे. "हात हारला की म्या सही करत न्हाय. मालक कुनी का असंना."

तेवढ्यात त्यांना कुणीतरी बाहेर बोलावलं. मी एकटीच बसले होते. स्क्रीनच्या खाली एक जुनाट डबा होता, बटणांचा, आणि त्यावर इंग्रजीत लेबल: ऑटोपायलट बंद, वापरू नये. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. आप्पा परत आले तेव्हा मी त्यांना त्या लेबलाबद्दल विचारलं नाही. पुरावा हातात आला की मी विचारत नाही… तेव्हा तरी विचारत नव्हते.

त्याच आठवड्यात पत्रक छापलं. वर ठळक अक्षरात 'आमच्या डोक्यावर बंद यंत्रं!', खाली फोटो. भिगवण चौकात वाटलं, इंदापुरात वाटलं, मोबाइलवर तर कुठं कुठं गेलं. आप्पांचं नाव मी घातलं नव्हतं. पण फोटोत फळीच्या कडेला त्यांचा चष्मा दिसत होता, दोऱ्यानं बांधलेला. शेडात तसा चष्मा एकाच माणसाचा.

ते भर दुपारी घरी आले, हातात हत्यारांची पेटी. बाहेरचं माणूस शेडात आणलं म्हणून मॅनेजरनं काढून टाकलं होतं. काकूंनी पाणी दिलं. मी जिन्यात उभी. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि खरं सांगते, मी उत्तरं तयार ठेवली होती. जनतेचा हक्क, लोकांचा जीव, सगळं. आप्पांनी पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला.

"त्या मोटरीचा क्लच घसरत न्हवता," म्हणाले. "हात हारत हुता. मालकाला सांगितलं, मोटर टाका, नवा सेट घ्या. मालक म्हनला, स्क्रीन तेवढं बसीव, बाकी जुनं चालंल. म्हनून म्या त्येची लाईट तोडली आन् लेबल लावलं. वहीत लिवलं."

"मग बंदच होतं ना? मी खोटं काय छापलं?"

"खोटं न्हाय छापलंस. बंद हाय म्हनून बंद लिवलं हुतं, पोरी. म्या काईच लिवलं नसतं, तर तू फोटू काडला असतास का?"

काकू आतून म्हणाल्या, "आता बोल की. रोज तर लई बोलतीस."

मी दुरुस्तीचं पत्रक काढायला निघाले तर आप्पांनी हात हलवला. वाटलेलं पत्रक परत गोळा करता येतं का, म्हणाले. मी त्या शेडातला सही न करणारा एकच माणूस बाहेर काढला होता. संघटनेतल्या एका ज्येष्ठानं माझी समजूत घातली की लढाईत असं होतं. मला ते पटलं नाही आणि पटू नये अशी माझी इच्छा आहे.

महिन्याभरात ते पांढरं विमान उडालं. मालकानं मोबाइलवर फोटो टाकला, नव्या स्क्रीनपुढं हसणारा. मी तो मोठा करून बघितला. डबा दिसत होता, लेबल नव्हतं. धावत आप्पांकडं नेला. त्यांनी दोऱ्याचा चष्मा नाकावर चढवला आणि खूप वेळ बघत राहिले.

"डबा त्योच हाय," म्हणाले.

"म्हणजे दुरुस्त न करताच लेबल काढलं!"

"आसं म्या म्हनलो न्हाय. डबा जुना ठिवून मोटर नवी बसवता येती. केली बी आसंल."

"तुम्हाला तसं वाटतं?"

त्यांनी चष्मा उतरवला. "मला वाटून काय उपेग? वहीत सही कुनाची हाय?"

त्यांनी मालकाला पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टानं, एकच प्रश्न: लेबल कुणी काढलं आणि क्लच किती जोरावर घसरला? तेच पत्र विमानं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाला. पोच आली. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, ते पत्र छापू. आप्पा म्हणाले, "आता तू नगं." रागानं नाही, एखादा पाना पेटीत ठेवावा तसं. त्यानंतर मी माहिती अधिकारात अर्ज केला. खासगी मालकाची माहिती देता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. नियमात बसणारं असेल. माझा संशय मात्र त्या दोन ओळींत बसत नाही.

आप्पांनी पुढं लोणी देवकरच्या एका कारखान्यात यंत्रांचे पॅनेल दुरुस्त करायचं काम धरलं. सकाळी डबा घेऊन एसटीनं जायचे. तिथंही लेबलं लावायचे, म्हणे, आणि तिथले कामगार त्यांना लेबलआप्पा म्हणायचे. विमानाचा आवाज आला की मात्र जेवतानासुद्धा घास थांबायचा. वर बघायचे नाहीत, ऐकायचे. आवाज वळून लांब गेला की पुन्हा जेवायला लागायचे. मी एकदा विचारलं, "आवाजावरून कळतं का?" तर म्हणाले, "इंजिन कळतंय. क्लच न्हाय कळत."

तेराव्याला तो शेडातला मॅनेजर आला. पांढरा शर्ट, हातात हार. आप्पांच्या फोटोपुढं वाकला, चांगला माणूस होता म्हणाला. मग बसल्या जागेवरून नजर फिरवत राहिला… टेबलावर, कपाटावर, खिळ्यावरच्या वहीवर. "काकू, शेडाचे काही कागद, काही वस्तू घरी राहिल्या असतील तर सांगा. साहेबांनी खास विचारलंय." इतक्या महिन्यांनी? मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूच बोलल्या.

"तुमची वस्तू आमच्याकडं काय न्हाय. आमची एक तुमच्याकडं हाय."

"कोणती?"

"ह्यांनी लावल्यालं लेबल. कुनी काडलं तेवढं सांगा, मंग बाकीचं हुडकू."

तो चहा न पिता गेला. त्याला काही माहीत असेल, नसेल. माणूस गडबडीत उठला एवढ्यावरून मी आता पत्रक काढत नाही.

मागच्या रविवारी मी बारामतीच्या दुकानातून बैठकीतल्या घड्याळासाठी नवं मशीन आणलं. नुसता सेल बदलून ते चालत नव्हतं, हे आप्पांनी वहीत लिहून ठेवलं होतं: 'घड्याळ: सेल बदलला, तरी बंद. मशीन आणणे.' त्यांच्या हातची शेवटची नोंद. मशीन बसवलं, मोबाइलवर वेळ जुळवली, घड्याळ भिंतीवर टांगलं. काटा टिकटिक करत पुढं गेला. बरं वाटलं आणि मी सवयीनं खालच्या पट्टीला नख लावलं.

"हात लावू नगंस," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, चालू झालंय. बघा की."

"दिसतंय मला. तू किती बगितलंस? मिन्टभर?"

मी खिळ्यावरची वही काढली. त्यांच्या नोंदीखाली लिहिलं: 'मशीन बदललं. वेळ जुळवली.' पुढं सहीची जागा. पेन टेकवलं होतं, तेवढ्यात घरावरून एक छोटं विमान गेलं, बरंच खालून, धावपट्टीच्या बाजूला वळत. आम्ही दोघी थांबलो. काकूंनी वर बघितलं नाही, ऐकलं.

"त्येच हाय का गं?"

"खालून कळत नाही, काकू."

आवाज लांब गेला. मी पेनाला टोपण लावलं आणि वही परत खिळ्याला टांगली. आठवडा झाला. मी रोज जिना उतरून बैठकीत जाते आणि घड्याळ मोबाइलशी ताडून बघते. अजून तरी मिनिटाचाही फरक नाही. खाली आप्पांच्या अक्षरात तसंच आहे, 'बंद. वेळ विचारू नये.' वहीतली सहीची जागा मी कोरी ठेवली आहे. त्या विमानाच्या वहीत ती जागा कुणी भरली, की तिथंही कोरीच आहे?