संक्रांत, दोन मंडळं आणि एस्टोनिया

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोष्ट पुढे गेली की तुम्हाला माझी दया यायला लागेल. आईला आली होती, आणि आमच्या आईला कुणाची दया येणं ही काही साधी गोष्ट नाही!

एक तर मी फार बोलत नाही. पिझ्झा मागवायचा असला तरी फोन मैत्रिणीच्या हातात देते. अशा मुलीने भर हॉलमध्ये माइकवरून काय दिवे लावले ते ऐका.

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात मराठी मंडळं दोन. जुनं मंडळ डॉक्टर वझेकाकांचं. त्यांच्या पिढीने ते काढलं, तेव्हा इथे कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती, आणि हे ते दर कार्यक्रमात सांगतात. नवं मंडळ समीरकाकांचं, सगळे कॉम्प्युटरवाले. दोन मंडळं म्हणून दोन गणपती, दोन दिवाळ्या! माझे बाबा दोघांचेही मित्र, त्यामुळे दोन्हीकडचा फराळ आमच्याच नशिबी. शेवटी बाबांनीच फोन करकरून दोन्ही मंडळं एक केली. दोन हजार सातची संक्रांत हा पहिला एकत्र कार्यक्रम. आठवडाभर बाबांचं एकच चाललेलं, "एवढी संक्रांत गोडीत पार पडली ना, की मंडळ टिकलं. नाही तर संपलं."

आणि आईने मुलांच्या कार्यक्रमात माझं नाव दिलं.

"आई, मला नाचता येत नाही."

"मग बोल."

"कशावर?"

"शाळेसाठी तो रिपोर्ट केलास ना, कुठल्याशा देशावर?"

"एस्टोनिया. तिथल्या एका कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा इतिहास आहे तो."

"तोच वाच मराठीत. कुणाला काय कळतंय!"

खरंच की! सोशल स्टडीजच्या तासाला चिठ्ठ्या काढल्या, त्यात माझ्या वाट्याला एस्टोनिया आला होता. त्या पक्षावरून भांडायला पार्सिपनीत कोण उठणार? मी मन लावून मराठीत लिहून काढलं. पण तिथली नावं अशी, की एकेका स्वरावर जीभ मुक्कामाला राहावी. आई म्हणाली, "नावं काढून टाक. जुना पक्ष, नवा पक्ष म्हण. सुटसुटीत होईल." काढली.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. बाहेर बर्फ, आत हलव्याचे दागिने घातलेली रडकी बाळं. मंडळं एक झाली होती, पण माणसं? जुनी सगळी डावीकडे, नवी सगळी उजवीकडे, आणि मधली वाट इतकी रुंद की मिनीव्हॅन निघून जावी. समोर दोन खुर्च्यांवर दोन अध्यक्ष, वझेकाका आणि समीरकाका.

मी माइकसमोर उभी राहिले आणि डोळे मिटून पहिलं वाक्य म्हटलं, "एस्टोनिया या देशातल्या एका पक्षाचा हा इतिहास आहे."

माइक बंद होता.

समीरकाकांनी उठून बटण दाबलं. "हं, आता बोल बेटा."

आता मला सांगा, जे वाक्य एकदा म्हणताना घाम फुटला, ते कुणी पुन्हा म्हणेल का? मी सरळ दुसऱ्या वाक्यावर गेले.

"जुन्या पक्षात मोठी, अनुभवी माणसं होती. त्यांनी फार कठीण काळात काम उभं केलं. त्याची आठवण ती सगळ्यांना वारंवार करून देत."

उजवीकडे खसखस पिकली. मला वाटलं, आवडतंय!

"मग नवा पक्ष आला. आम्ही सगळं नव्या पद्धतीने करू, असं त्यांनी सांगितलं. लोक भुलले. थोड्याच दिवसांत लोकांचा भ्रमनिरास झाला."

आता डावीकडून टाळ्या! एक काकू तर ओरडल्या, "दिवाळीला जेवण कमी पडलं होतं, तेच ना!" एस्टोनियात दिवाळी? मला काही समजलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवत होते हो! अंगात वारं शिरलं.

"एकेकट्याने कुणालाच जमेना. म्हणून दोन्ही पक्ष एक झाले. नावावरून वाद नको, म्हणून दोन्ही नावं एकापुढे एक जोडली."

सगळ्या माना वरच्या बॅनरकडे वळल्या. दोन्ही मंडळांची नावं जोडल्यामुळे तो इतका लांब झाला होता की शेवटचे दोन शब्द कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या भिंतीवर गेले होते.

"आणि अध्यक्षही दोन ठेवले."

माना आता समोरच्या दोन खुर्च्यांकडे वळल्या. इथे भाषण संपत होतं. खाली उतरायचं, बस्स! पण मला चेव चढला होता. कागदावर नसलेलं एक वाक्य मी पदरचं टाकलं.

"असं लग्न किती दिवस टिकतं, ते आता बघायचं!"

वझेकाका उठले. "हे हिला कुणी लिहून दिलं?"

"मलाही तेच विचारायचंय," समीरकाकाही उठले. "धिस इज टू मच, यार!"

दोघांनी मिळून बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हातात तिळगुळाचं ताट होतं. ते त्यांनी ढालीसारखं छातीशी धरलं.

"काका, हे एस्टोनियाचं आहे!" मी किंचाळले. "खरंच! तिथे असंच झालं, गेल्याच वर्षी!"

"आता देशाचं नाव पुढे करतेय," वझेकाका म्हणाले. "असा देश तरी आहे का?"

"देश आहे हो काका," समीरकाका म्हणाले. "पण आपली भांडणं तिथपर्यंत पोचली कशी?"

"तेच म्हणतोय मी! अगदी बरोबर बोललास!"

वझेकाका समीरकाकांना "बरोबर बोललास" म्हणाले? हॉलमधल्या कुणीच हे आधी कधी ऐकलं नव्हतं. खुद्द ते दोघंही दचकले. मग समीरकाकांना हसू फुटलं, वझेकाकांच्या मिशा हलायला लागल्या, आणि बघता बघता डावी बाजू उजवीकडे येऊन कुणाला कुठलं वाक्य लागलं ते एकमेकांना सांगायला लागली.

"ठराव मांडतो," वझेकाकांनी माइक घेतला. "या मुलीला पुन्हा भाषणाला उभं करायचं नाही. फार तर नाचू द्यावं."

"अनुमोदन!" समीरकाका.

हात वर झाले. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे! एकत्र मंडळाचा पहिला ठराव, तोही एकमताने. मंडळ टिकलं.

सगळ्यात आधी वर गेलेला हात बाबांचा होता. दुसरा माझा.